पटाजवळची जागा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते तरसालीच्या या शाळेत मधल्या सुट्टीत पट मांडून बसत, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. म्हणून आज बुद्धिबळाविषयी बोलावे असे मनात आले. खेळातील डावपेचांवर बोलण्याचा अधिकार माझा नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी. पटाजवळ बसण्याचा मान कोणाला मिळाला आणि कोणाला मिळाला नाही, एवढेच मी पाहू शकतो.

प्रारंभ आपल्या बडोद्यापासूनच करतो. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध झाला. पहिला खंड १९२५ साली निघाला आणि तिसरा १९६१ साली. ग्रंथकर्ता कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, काळ बाराव्या शतकाचा पूर्वार्ध. मराठी वाङ्मयाचे अभ्यासक या ग्रंथाकडे वळतात ते त्यातील जुन्या मराठी पद्यांसाठी. पण याच ग्रंथाच्या पाचव्या विंशतीत, राजाच्या क्रीडांमध्ये, बुद्धिबळावर साठएक श्लोक आहेत आणि तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. राजाने फावल्या वेळात मन कसे रमवावे, हा तेथील विषय. पट राजाचा, प्रतिस्पर्धी राजाच्या मर्जीतला. इतरांनी पाहावे.

आमच्या घरी, शहरातल्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर, राजा नव्हता. पण आजोबा होते. ते देशी पद्धतीने खेळत. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाई. शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची चाल मिळे. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे त्या घराचा मालक असलेले मोहरे होई, वाटेल ते नव्हे. १९५५ साली रामचंद्र सापरे आणि डी. वेंकय्या हे पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे संयुक्त विजेते झाले. सापऱ्यांचे कौतुक करूनही आजोबा आपले नियम सोडावयास तयार झाले नाहीत. माझी थोरली बहीण, आमची ताई, चहा घेऊन येई आणि खांबाशी उभी राहून डाव पाही. एकदा तिने आजोबांच्या मित्राची मात दोन खेळ्या आधीच सांगितली. तेव्हापासून चहा माझ्या हाती येऊ लागला.

ज्या बडोदे राज्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली मुलींसह सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेथल्या एका सुशिक्षित घरातली ही गोष्ट, हे नमूद करताना मला आजही संकोच वाटतो.

देशी नियमांवर वाढलेल्या खेळाडूची योग्यता जगाने पाहिली ती सुलतान खान याच्यात. सर उमर हयात खान या पंजाबी सरदाराच्या पदरी असलेला हा तरुण १९२९ साली लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. पुन्हा १९३२ आणि १९३३ साली. हेस्टिंग्ज येथे त्याने कापाब्लांकालाही हरविले. त्याच घराच्या पदरची फातिमा १९३३ साली ब्रिटिश महिला विजेती झाली, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. १९३३ अखेर सुलतान खान मायदेशी परतला आणि मोठ्या स्पर्धांतून नाहीसा झाला. जागतिक संघटनेने त्याला सन्मान्य ग्रँडमास्टर केले २०२४ साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. यजमानाने बसविले म्हणून तो पटाजवळ बसला होता; यजमान निघाला तेव्हा तोही उठला.

स्वतःच्या हक्काने बसण्याचा प्रश्न मराठी घरातूनच पुढे आला. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन कन्या. १९७४ साली बेंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती वासंतीने जिंकली. स्वतंत्र स्पर्धा मिळाली याचा आनंद खराच, पण स्वतंत्र म्हणजे वेगळी ओसरी! १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा मोठे वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले व निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही निर्णय दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. युवे स्वतः माजी विश्वविजेते होते. पुढे १९८१ साली रोहिणी आशियाई महिला विजेती झाली. पण माझ्या मते त्या पदकापेक्षा १९७६ सालचे ते बसणे मोठे आहे. हरणे-जिंकणे त्यानंतरचे.

भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी १९९१ साली आशियाई विजेतेपद मिळविले, प्रवीण ठिपसे १९९७ साली ग्रँडमास्टर झाले. ही नावे आपणांस परिचित आहेत, म्हणून विस्तार करीत नाही. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने अंतिम सामन्यात कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर किताबही मिळविला.

ती बातमी मी ताईला वाचून दाखविली. तिने माळ्यावरची आजोबांची लाकडी पेटी काढावयास सांगितली. एक प्यादे हरवले होते. त्या जागी आम्ही सुपारी ठेवली. ताईने राजापुढचे प्यादे उचलून दोन घरे पुढे सरकविले. आजोबांच्या नियमाने एकच घर, मी म्हणालो. तिने ते मागे घेतले नाही.