टाकळीचें जलानुष्ठान आणि जलव्यायाम

आजच्या जालना जिल्ह्यांतील जांब येथें शके १५३० (इ. स. १६०८) मध्यें समर्थ रामदासांचा जन्म झाला. पुढें नासिकजवळ टाकळी येथें, नंदिनी-गोदासंगमीं, त्यांनीं १२ वर्षें पाण्यांत उभें राहून जप केला, अशी सांप्रदायिक परंपरा आहे. यावरून समर्थांस जलव्यायामाचे आद्य प्रवर्तक ठरविण्याचा मोह होणें शक्य आहे. आम्हांस तें ग्राह्य वाटत नाहीं.

शरीर कमरेपर्यंत बुडालें असतां पायांवरील भार सुमारें निम्म्यानें, छातीपर्यंत बुडालें असतां सुमारें दोनतृतीयांशानें घटतो. म्हणूनच अस्थिभंगानंतर वा पक्षाघातानंतर रोग्यास कोमट पाण्यांत चालवितात. तेथें दुर्बल अवयवास पुनः चालना देणें हा हेतु. टाकळीस हेतु पुरश्चरणाचा, आणि देह निश्चल. माशांनीं पाय कुरतडल्याचें परंपराच सांगते. ती खूण सहनशीलतेची, उपचाराची नव्हे.

समर्थांच्या बलोपासनेस त्यांनीं स्थापिलेले मारुति साक्षी आहेत. तीस या कथेचा आधार लागत नाहीं. सबब पोथीसंग्राहकांस आमची विनंति कीं, या प्रसंगाचे निरनिराळे पाठ जसेच्या तसे उतरून ठेवावे, आणि जेथें ‘जप’ लिहिला आहे तेथें ‘व्यायाम’ वाचूं नये.