मुंगीचा हिशेब आणि ट्रिलियमचा प्रवास

‘संशोधनासाठी प्रश्न कुठून आणायचा?’ असं नव्याने येणारे बरेच जण विचारतात. एक जुनी वाट आहे : पुस्तकात ज्याचं उत्तर आधीच दिलेलं असतं, त्याचा आकडेमोडीने हिशेब लावून बघायचा. बियांच्या प्रसाराचा इतिहास याचं चांगलं उदाहरण आहे.

ट्रिलियम ग्रँडिफ्लोरम हे पूर्व उत्तर अमेरिकेच्या जंगलातलं रानफूल. तीन पानं, तीन पांढऱ्या पाकळ्या. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताचं ते १९३७ पासून अधिकृत फूल आहे. याच्या बीला एक छोटा तेलकट गोळा चिकटलेला असतो. मुंग्या त्या लोभाने बी वारुळात नेतात, गोळा अळ्यांना खाऊ घालतात आणि बी टाकून देतात. ते तिथे रुजतं. स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ रुट्गर सेर्नांदर यांनी १९०६ मध्ये युरोपातल्या अशा वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या गोळ्याला ‘इलायोसोम’ हे नाव त्यांचंच. म्हणजे प्रश्न सुटला?

इथेच हिशेब अडतो. मुंगी बी नेते ते साधारण एखाद-दोन मीटर. पण हिमयुगात या फुलाचा आजचा बराचसा प्रदेश बर्फाखाली होता. तिथवर ते पोचलं कसं? क्लेमंट रीड यांनी १८९९ मध्ये ब्रिटनमधल्या ओक वृक्षांबद्दल हीच शंका काढली होती. १९९८ मध्ये केन आणि सहकाऱ्यांनी रानआल्याच्या (असारम कॅनडेन्स) बियांचा माग काढला. मुंगीने नेलेलं सर्वांत लांबचं अंतर भरलं ३५ मीटर. त्या वेगाने १६,००० वर्षांत हे झाड १०–११ किलोमीटर सरकायला हवं होतं. प्रत्यक्षात ते शेकडो किलोमीटर गेलं!

मग २००३ मध्ये वेलंड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या लेंड्या तपासल्या. त्यात ट्रिलियमच्या जिवंत बिया निघाल्या. बी पोटात किती वेळ राहतं आणि तेवढ्यात हरीण किती फिरतं, याची सांगड घातल्यावर दिसलं की बहुतेक बिया १०० मीटरपेक्षा दूर, काही तर ३ किलोमीटरपलीकडे जाऊ शकतात. गंमत म्हणजे, ट्रिलियम खाऊन फस्त करणारा प्राणी म्हणूनच हरणाची ख्याती आहे.

सेर्नांदर चुकले नव्हते. बहुतेक बिया मुंग्याच नेतात. पण प्रजातीचा नकाशा ठरवतात त्या क्वचित लांब जाणाऱ्या मोजक्या बिया, आणि वारुळाशेजारी बसून त्या दिसत नाहीत. सरासरी काढताना आपण असे अपवाद सहज बाजूला सारतो.

आज हवामान तापतंय, जंगलांचे तुकडे झालेत. रानफुलांना उत्तरेकडे सरकायचं असेल तर मधली शेतं, रस्ते ओलांडून बी कोण नेणार, हा प्रश्न आता फक्त इतिहासाचा राहिलेला नाही. तेव्हा तुमच्या विषयातलं एखादं पक्कं उत्तर घ्या, त्याचे आकडे मांडा आणि बेरीज जुळते का ते तपासा. जुळली नाही, तर तुमचा प्रश्न तिथेच आहे.