धाराशिवच्या बायकांनी दिलेला पुरावा

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर विषाणूमुळे होतो, हे बाईला समजावणं सोपं नाही. नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात नर्स म्हणून लागले तेव्हापासून मी ते करत आले. "म्हंजे सर्दीवानी?" असं कुणी विचारते. कुणी गप्पच होते, कारण हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून येतो म्हटलं की तिला वाटतं, आपल्या चारित्र्यावर बोट ठेवलं. म्हणून मी आधीच सांगते, बाई, तो बहुतेकींना कधी ना कधी होतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो. जिच्या अंगात तो वर्षानुवर्षं मुक्काम करतो, तिला धोका.

हे कळायला शास्त्रज्ञांच्या पिढ्या गेल्या. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा रस गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला, तर तिलाही गाठ आली, म्हणजे त्या रसात विषाणू होता. नोबेल मिळालं १९६६ मध्ये. आपल्याकडे पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली उंदरांच्या स्तनांच्या कॅन्सरवर काम केलं. त्या रोगाचा विषाणू उंदरीच्या दुधातून पिलांत उतरतो. पुढे बाल्टिमोरला पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभी केली. मग १९८३ साली जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउसेन यांना पिशवीच्या तोंडाच्या गाठीत एचपीव्ही-१६ हा विषाणू सापडला.

पण गाठीत विषाणू सापडला म्हणून खेड्यातली बाई वाचत नाही. विषाणू शोधून मरण टळतं का, हे कुणीतरी दाखवायला हवं होतं. ते आपल्या मराठवाड्यात झालं. लातूर ओलांडलं की धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद. शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि १९८७ पासून भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. पेशंट येईल तेव्हा लिहू, असं तिथं नव्हतं. माणसं गावोगाव फिरून विचारत, अंगावरून जातंय का, गाठ आहे का.

त्या पायावर १९९९ मध्ये बार्शीच्या हॉस्पिटलचे डॉ. नेने, टाटा हॉस्पिटलचे डॉ. शास्त्री आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांनी अभ्यास सुरू केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. चिठ्ठी काढल्यासारखे हे गट चार भागांत वाटले. एका भागात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे तिथल्या पेशी काचेवर घेऊन बघणं, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड. ही तिसरी आमच्या हातातली. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. चौथ्या भागात यातलं काहीच नाही, नेहमीचीच आरोग्यसेवा.

निकाल २००९ मध्ये आला. विषाणूची एकदाच तपासणी ठरलेल्या भागातल्या चौतीस हजारांवर बायकांत या कॅन्सरने ३४ मरण पावल्या. चौथ्या भागातल्या साडेएकतीस हजारांत ६४. बाकी दोन तपासण्यांनी मरणं फारशी कमी झाली नाहीत. स्वस्त म्हणून मी ज्या पद्धतीवर भरवसा ठेवला होता तीही त्यात आली, आणि ते मला फार लागलं.

त्या ६४ जणींबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. तपासणीचा उपयोग होतो हे श्रीमंत देशांत ठाऊक असताना या बायकांना विनातपासणी ठेवणं योग्य होतं का, असा आक्षेप पुढे परदेशी डॉक्टरांनीही घेतला. आपल्या खेड्यांत तेव्हा तपासणी कुणाचीच होत नव्हती, असं उत्तर मिळालं. ते खरं आहे, पण मला पुरत नाही. ती सेवा नव्हती ही त्या बायकांची चूक नव्हती.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूचीच तपासणी आधी करा असं सांगितलं, आणि नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो असंही. आमच्याकडच्या बायकांना हे दुसरं जास्त आवडेल. टेबलावर पाय फाकवून झोपायला लागतं म्हणून कित्येकजणी दारातून माघारी गेल्यात.