जंतूंची साक्ष



सूक्ष्मदर्शक यंत्रांत एका वेळीं एकच माणूस पाहतो. ही गोष्ट किरकोळ वाटेल; परंतु एकोणिसाव्या शतकांत वैद्यकशास्त्रांतील एक मोठा वाद ह्याच अडचणीपाशीं अडून बसला होता. आपण पाहिलेलें दुसऱ्याला दाखवावयाचें तर हातानें चित्र काढण्यावांचून गत्यंतर नसे. सतराव्या शतकांत लेव्हेनहूकनें जंतु पाहिले, तेव्हां त्यालाहि चित्रकाराची मदत घ्यावी लागली. आणि हाताचें चित्र म्हटलें कीं त्यांत काढणाराचें मत उतरावयाचेंच.

वाद होता तो असा. जंतूंच्या निश्चित जाति आहेत, कीं एकच जंतु परिस्थितीप्रमाणें निरनिराळीं रूपें धारण करतो? ब्रेस्लाऊचा वनस्पतिशास्त्रज्ञ फेर्डिनांड कोहन पहिल्या पक्षाचा. व्हिएन्नाचा विख्यात शस्त्रवैद्य बिलरोट दुसऱ्या पक्षाचा. दुसरा पक्ष खरा असता, तर अमुक रोगाला अमुक जंतु कारण, हें म्हणणेंच निरर्थक ठरलें असतें. दोन्ही पक्षांजवळ चित्रें होतीं, आणि कोणाचींच चित्रें कोणाला पटत नव्हतीं.

अशा वेळीं वोलश्टाइन ह्या आडगांवचा एक सरकारी डॉक्टर पुढें आला. हें गांव तेव्हां प्रशियांत होतें. आज तें पोलंडांत आहे. डॉक्टरचें नांव रॉबर्ट कॉख. पुढें १८८४ सालीं कलकत्त्यास पटकीच्या जंतूचा छडा लावणारा आणि १८९७ सालीं प्लेगच्या अभ्यासासाठीं मुंबईस आलेला कॉख तो हाच. १८७६ सालीं गुरांच्या काळपुळीच्या जंतूचा जीवनक्रम त्यानें उलगडला होता. पण आपलीं चित्रें तरी लोकांनीं कां खरीं मानावीं, हा प्रश्न त्यानें स्वतःलाच विचारला.

सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडण्याची कल्पना कांहीं त्याची नव्हे. १८४५ सालीं पॅरिसमध्यें दोने आणि फूको ह्यांनीं डागेरोटाइप प्रतिमांवरून रक्तपेशींचीं चित्रें प्रसिद्ध केलीं होतीं. मात्र छापण्यासाठीं त्या प्रतिमा कोरणाराच्या स्वाधीन कराव्या लागल्या, म्हणजे हात पुन्हां मध्यें आलाच! वॉशिंग्टनमध्यें लष्करी डॉक्टर वुडवर्ड ह्यानेंहि ही कला बरीच पुढें नेली होती. पण जंतु म्हणजे अतिशय बारीक, पारदर्शक आणि बहुधा चंचल वस्तु. कॉखनें त्या द्रवाचा पातळ थर कांचेवर पसरून वाळविला, म्हणजे जंतु जागच्या जागीं स्थिर झाले. नंतर त्यांना रंग दिला. येथें एक गंमतीची अडचण आली. त्या काळची छायाचित्राची कांच निळ्या प्रकाशाला फार हळवी असे. त्यामुळें निळा रंगविलेला जंतु डोळ्यांना ठळक दिसे, पण छायाचित्रांत तो पांढऱ्या भूमीवर जवळजवळ नाहींसाच होई. म्हणून कॉखनें तपकिरी रंग पत्करला. प्रकाश सूर्याचा. आरशानें किरण आंत घ्यावयाचे आणि ढग आला कीं थांबावयाचें. आकाशाकडे लक्ष ठेवण्याचें काम त्याची पत्नी करी, असें चरित्रकार सांगतात. रोगी तपासून उरलेल्या वेळांत हा सारा खटाटोप चाले, हें मला विशेष वाटतें.

१८७७ सालीं कोहनच्या नियतकालिकांत ती छायाचित्रें प्रसिद्ध झालीं. जंतूंच्या अंगावरचे अतिसूक्ष्म तंतुहि त्यांत उमटले होते. त्या तंतूंना आतां कोणाची कल्पना म्हणतां येईना. चित्रकार नकळत रेषा ठळक करतो, हवें तें उठवितो. छायाचित्र मात्र संशोधकाची चूकहि लपवीत नाहीं आणि त्याच्या विरोधकालाहि तोच पुरावा तपासतां येतो, असें कॉखचें म्हणणें होतें. पण लगेच पुढच्या वर्षीं जखमांच्या रोगांवरील पुस्तकांत त्याला हातानें काढलेलींच चित्रें द्यावीं लागलीं! शरीराच्या पेशींत दडलेले जंतु दिसण्यास भिन्न रंग हवेत, आणि ते रंग कांचेला मानवत नव्हते. बर्लिनच्या फोगेलनें १८७३ सालींच कांचेला इतर रंगांची जाणीव देण्याची युक्ति शोधिली होती. तशा कांचा सर्रास मिळूं लागण्यास मात्र वेळ लागला. छायाचित्राची थोरवी गातांना ही मर्यादा पुष्कळजण विसरतात. कॅमेरा खोटें बोलत नसेल, पण काय पाहावयाचें तें रंग, भिंग आणि प्रकाश हेच ठरवितात. आणि ते माणूस निवडतो.

२४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें कॉखनें क्षयाचा जंतु सापडल्याचें जाहीर केलें. त्याच्या रंगविण्याच्या रीतींत जंतु निळे आणि भोंवतालच्या पेशी तपकिरी दिसत. म्हणजे साध्या कांचेच्या दृष्टीनें सारें नेमकें उलटें! त्या संध्याकाळीं तो दोनशेंहून अधिक नमुनेच बरोबर घेऊन गेला होता. टेबलांवर सूक्ष्मदर्शक यंत्रें मांडलीं होतीं. व्याख्यान संपलें, कोणी प्रश्न विचारला नाहीं. मंडळी उठलीं आणि एकेक करून यंत्राला डोळा लावूं लागलीं.