ओट्टो स्ट्रान्डमनची जमीन

एस्टोनिया म्हटलं की आमच्या धंद्यातल्या माणसाला स्काइप आठवतं. २००३मध्ये ते टॅलिनमधल्या पोरांनी बांधलं, मे २०२५मध्ये बंदही झालं. गेल्या शनिवारी त्याबद्दलच वाचत बसलो होतो आणि वाचता वाचता पोचलो भलत्याच माणसापाशी. ओट्टो स्ट्रान्डमन, पेशाने वकील, पक्षाचं नाव एस्टोनियन मजूर पक्ष. तुम्ही हे नाव ऐकलं नसणार. मीही नव्हतं.

जन्म १८७५चा, विरुमा भागातल्या एका खेड्यात. देश झारच्या साम्राज्यात, पण गावावर सत्ता जर्मन जमीनदारांची. १८१६मध्ये तिथल्या भूदासांना मोकळं केलं होतं खरं, पण जमिनीशिवाय! म्हणजे माणूस सुटला, पोट मात्र मालकाकडेच गहाण. शंभर वर्षांनंतरही निम्म्याहून जास्त जमीन हजार-अकराशे मोठ्या इस्टेटींकडेच होती.

स्ट्रान्डमन कायदा शिकला, १९०५च्या क्रांतीच्या धामधुमीत सापडला आणि पुढची काही वर्षं त्याला परदेशात काढावी लागली. १९१८च्या शेवटी एस्टोनिया स्वातंत्र्यासाठी लढायला उभा राहिला तेव्हा हा हंगामी सरकारात शेतीमंत्री होता.

आता खरी गंमत बघा. समोरून लाल सेना येत होती. गरीब शेतकरी तिच्याकडे झुकायला काय हरकत होती? पण एस्टोनियन कम्युनिस्टांनी त्यांच्या ताब्यातल्या भागात इस्टेटी वाटल्याच नाहीत, सरकारी शेतं करायला घेतली. शेतकऱ्याला वाटलं, मालक बदलला, आपण तिथेच! इकडे स्ट्रान्डमनची मंडळी म्हणत होती की इस्टेटी घेऊ आणि तुकडे करून वाटू, लढणाऱ्या सैनिकाला आधी देऊ. एप्रिल १९१९च्या निवडणुकीत घटना समितीच्या १२० जागांपैकी सोशल डेमोक्रॅट्सना ४१ आणि मजूर पक्षाला ३० मिळाल्या. मे महिन्यात स्ट्रान्डमन पंतप्रधान झाला.

जूनमध्ये लाटव्हियातून बाल्टिक जर्मनांची फौज अंगावर आली, तिला २३ जूनला चेसिसपाशी हरवलं. सैनिक जमीनदारांच्याच फौजेशी लढतोय आणि मागे राजधानीत त्यांच्या जमिनीचा कायदा तयार होतोय, असं चित्र! १० ऑक्टोबर १९१९ला तो मंजूर झाला. पुढे पन्नास हजारांहून जास्त नवी शेतं उभी राहिली. जमीनदारांना मोबदला ठरवणारा कायदा यायला १९२६ उजाडलं आणि मिळालं तेही किरकोळच. सगळ्यांना न्याय मिळाला असं काही मी म्हणणार नाही.

स्ट्रान्डमन १९२९ ते १९३१ राष्ट्रप्रमुखही होता. मग जून १९४०मध्ये सोव्हिएत फौजा घुसल्या. जुलैत सगळी जमीन सरकारची जाहीर झाली आणि शेतकऱ्याला कसायला ठेवली जास्तीत जास्त ३० हेक्टर. फेब्रुवारी १९४१मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी स्ट्रान्डमनला हजर राहायचा हुकूम धाडला. तो गेला नाही. काद्रिनातल्या आपल्या घरी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ६५. मार्च १९४९मध्ये वीस हजारांवर एस्टोनियन लोकांना सायबेरियाकडे पाठवलं आणि उरलेसुरले शेतकरी घाबरून सामुदायिक शेतात गेले.

इथे मी लॅपटॉप मिटणार होतो. पण गोष्ट संपत नाही. १९९१मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हा प्रश्न आला, जमीन कुणाची? उत्तर ठरलं: जून १९४०मध्ये, सोव्हिएत येण्याआधी, ज्याच्या नावावर होती त्याची किंवा त्याच्या वारसांची. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकअपवरून रिस्टोर केलं. त्या बॅकअपमधल्या हजारो नोंदी स्ट्रान्डमनच्या कायद्याने तयार झालेल्या होत्या.

आमच्याकडे वीस वर्षं टिकलेला कोड म्हणजे म्हातारा. यांची शेतंही जेमतेम वीसच वर्षं टिकली, आणि मोडून पन्नास वर्षं झाल्यावर परत चालू झाली. स्ट्रान्डमनला ते बघायला मिळालं नाही, एवढंच वाईट वाटतं.

असो. सोमवारचं रिलीज आहे, झोपतो आता.