पावलांची गणना आणि पावलांचा ठेका

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात बेळ्ळंदूरचा विस्तीर्ण तलाव पसरलेला आहे आणि त्याच्या वरच्या अंगास आगर नावाचे जुने गाव व त्याचा तलाव आहे. ही दोन्ही गावे आता शहराच्या पोटात गडप झाली आहेत. भल्या पहाटे येथे धावावयास निघणारी मंडळी पाहावी, तर बहुतेकांच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ आणि कानांत गाणे ऐकविणारे चिमुकले यंत्र असावयाचे. हा देखावा अगदी अलीकडच्या काळातला वाटतो खरा. परंतु पाऊल मोजणे आणि पाऊल ठेक्यावर टाकणे या दोन्ही गोष्टी पुष्कळ जुन्या आहेत, आणि त्यांच्या इतिहासाशी मराठी माणसाचा बराच संबंध आहे.

प्रथम मोजणीचा विचार करू. श्रीरंगपट्टणाच्या पाडावानंतर अवघ्या दीड वर्षात, १८०० च्या अखेरीस, विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने म्हैसूर प्रांताच्या मोजणीसाठी पहिली आधाररेषा आखली, ती याच आगर गावापासून बाणसवाडीपर्यंत. सुमारे साडेसात मैलांचे हे अंतर त्याने शंभर फुटी पोलादी साखळीने पुनःपुन्हा साखळी मांडीत मोजले. १८०२ साली मद्रासेहून ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ झाला, त्याची ही पूर्वतयारीच होती. हे काम उत्तरेकडे नेता नेताच लॅम्टन १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथे आहे.

याच सर्वेक्षणाच्या पुढील काळात साखळीची जागा माणसाच्या पावलाने घेतली. तिबेटात परकीयांस मज्जाव असल्यामुळे कॅप्टन माँटगोमेरी याने कुमाऊंकडील नैनसिंग रावत या शाळामास्तराला नेमके सारख्या लांबीचे पाऊल टाकण्यास शिकविले. यात्रेकरूच्या वेषातील नैनसिंगाच्या हाती जपमाळ होती. मात्र तिचे मणी एकशे आठ नसून शंभर होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढावयाचा. म्हणजे माळेचा एक फेरा पुरा झाला की दहा हजार पावले चालून झाली! अशा रीतीने १८६५-६६ मध्ये त्याने ल्हासापर्यंतचा मार्ग मोजून काढला. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक देऊन गौरविले.

दहा हजार हा आकडा आजच्या धावणाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचा आहे; पण त्यांच्याकडे तो आला जपानमधून. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांनंतर १९६५ साली तेथील यामासा कंपनीने कमरेस अडकविण्याचे एक यंत्र विकावयास काढले व त्याचे नाव ठेवले ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. हा आकडा वैद्यकाच्या संशोधनातून निघालेला नसून सुटसुटीत व लक्षात राहण्याजोगा म्हणून रूढ झाला. २०१९ साली अमेरिकेत वयस्क स्त्रियांविषयी जे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात दिवसाकाठी साडेसात हजार पावलांच्या पुढे लाभ फारसा वाढत नाही असे आढळले. नैनसिंगाच्या दहा हजार पावलांनी नकाशावर एक मजल वाढत असे. आपल्या दहा हजार पावलांनी केवळ आपलाच हिशेब पुरा होतो.

आता ठेक्याकडे वळू. चालत्या माणसाने वाद्य बरोबर नेण्याची आपल्याकडील परंपरा म्हणजे वारी. ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते हैबतबाबा आरफळकर यांनी, १८३२ च्या सुमारास. हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार होते, ही गोष्ट परमुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींनी अवश्य ध्यानी ठेवावी. सोहळ्यातील अश्व येतात तेही आजच्या कर्नाटकातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. दिंडीतील टाळ गळ्यात अडकविता येतो, मृदंगही गळ्यातच असतो, वीणा खांद्यावर पेलते. अडीचशे किलोमीटरांची वाट त्या ठेक्यावर सरते. इतकेच नव्हे, तर वेळापूरजवळ ‘धावा’ होतो. तुकाराममहाराजांना येथून पंढरीचे कळस दिसले आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून वारकरीही तेथे नामघोष करीत धावतात.

ठेक्याचे हे सामर्थ्य शास्त्रानेही मान्य केले आहे. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कारागेऑर्गिस यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचा निष्कर्ष असा की, मध्यम गतीच्या श्रमात संगीतामुळे थकवा कमी जाणवतो; श्रम पराकोटीला पोहोचले की मात्र हा प्रभाव ओसरतो.

मग नवे काय घडले? १९७९ साली सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला. त्या पहिल्या यंत्राला दोन माणसांना एकाच वेळी ऐकता यावे म्हणून दोन हेडफोन जोडण्याची सोय होती, शिवाय गाणे मंद करून परस्परांशी बोलण्यासाठी एक नारिंगी कळही होती. ऐकणारा एकटा असेल ही कल्पना प्रत्यक्ष निर्मात्यांनाही रुचली नव्हती! पुढील नमुन्यांतून ती कळ नाहीशी झाली. २००६ साली नाइके आणि ॲपल या कंपन्यांनी बुटातील मापक व खिशातील आयपॉड यांची सांगड घातली, आणि मोजणी व ठेका हे दोन प्रवाह एकाच माणसापाशी एकत्र आले.

ही सोय नाकारण्याचे कारण नाही. एकट्याने धावणाऱ्या माणसाला ती उत्साह देते. परंतु तिची किंमत बेळ्ळंदूरला समजते. ज्या परिसरात एके काळी भूमी इंचाइंचाने मोजली गेली, तेथील तलाव शहराच्या सांडपाण्याने भरत गेला. २०१५ पासून त्याच्या फेसाच्या बातम्या देशभर झाल्या, पाण्यावर आगी लागल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये तर आग विझविण्यास लष्कराच्या जवानांना धाव घ्यावी लागली. तलावाची दैन्यावस्था ज्यांनी डोळे व कान उघडे ठेवून पाहिली, अशा रहिवाशांनी तक्रारी केल्या; प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेले व पुढे गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. घड्याळाने आपली नाडी सांगितली, तरी तलावाची नाडी तीत उमटत नाही.

दिंडीतला टाळकरी शेजाऱ्याचा टाळ ऐकूनच आपला टाळ वाजवितो; तसे न केले तर ठेका मोडतो. परमुलखात पहाटे धावताना कानात अभंग वाजत असेल, तर गावाकडची आठवण येते हे खरेच आहे. पण आठवड्यातून एखादा दिवस ते यंत्र घरी ठेवावे, एखाद्या शेजाऱ्याला, मग तो कन्नड असो वा तमिळ, हाक मारून बरोबर घ्यावे, आणि दोघांच्या पावलांचा ठेका जुळतो का ते पाहावे.