डोंबिवली स्टेशनावरची संख्या

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवत होते. जन्म १९०५चा, डहाणूचा. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. हाताशी पेन्सिल, कागद आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ. एवढ्यावर त्यांनी संख्यांची अख्खी कुळं शोधली.

त्यांतलं एक कूळ सुचलं ते रेल्वेच्या वाटेवर. जीआयपी रेल्वेच्या डोंबिवली स्टेशनाला तेव्हा डेम्लो म्हणत, म्हणून त्या झाल्या डेम्लो संख्या. उदाहरणार्थ २५५३: टोकाच्या दोन आणि तीनची बेरीज पाच, आणि मधे पाचच. १९३९ साली सहलेखक गुंजीकर यांच्यासोबत त्यांनी या संख्यांचा सिद्धांत मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मांडला.

नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग हे याच कुळातलं सर्वांत देखणं घर. नाशिकरोडला मी गणित शिकवत असताना नऊ एकांची संख्या फळ्यावर लिहून मुलांना तिचा वर्ग करायला सांगायचो. साध्या कॅल्क्युलेटरवर उत्तर मावत नाही, हातानंच करावं लागतं. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे. बेरजेला हातचा लागतच नाही: उजवीकडून पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, चढत चढत नवव्यात नऊ, मग तसंच उतरत एक. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने या संख्येला निःशेष भाग जातो. अशा संख्यांनाही कापरेकरांनीच नाव दिलं, हर्षद. भागाकार येतो तो १२३४५६७९चा वर्ग; त्या १२३४५६७९मध्ये आठ नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा सुरू होतो आणि आरसा फुटतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. हे सूत्रानं सांगून कळत नाही, रकाने मांडूनच कळतं. कापरेकरांचं सगळं गणित असंच मांडून बघण्याचं होतं, आणि माझ्या मते शाळेला तेच हवं आहे.

देवळालीचं ऋणही त्यांनी ठेवलं नाही. १५मध्ये तिचेच अंक मिळवले की २१ होतात. २० मात्र अशी कोणत्याच संख्येपासून तयार होत नाही. अशा स्वयंभू संख्यांना त्यांनी देवळाली संख्या म्हटलं. आपल्याकडे याला खेळ समजणारे गणिती होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिलं आणि जगभर नाव झालं, तेव्हा ते सत्तरीचे होते. १९८६ साली ते गेले.

नाशिकच्या शिक्षकांना विनंती आहे. १७ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस. त्या दिवशी मुलांना चार अंकी संख्या निवडू द्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि उत्तरावर (तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावून) पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत कापरेकरांनीच शोधलेली ६१७४ येतेच. ते मुलांना आधी सांगू नका.